मीटरवरचं शून्य

मी विज्ञानाचा शिक्षक आहे. हे वाक्य मी बँकेत, एसटीत, सोयरिकीच्या बैठकीत आणि एकदा वाहतूक पोलिसासमोरही ताठ मानेनं म्हटलेलं आहे. पोलिसावर काही परिणाम झाला नाही, पण बाकी ठिकाणी होतो. आमच्याकडं इतिहासाच्या मास्तरला लोक वर्गणी मागतात, मराठीच्या मास्तरकडून लग्नपत्रिकेचा मजकूर लिहून घेतात आणि विज्ञानाच्या मास्तरला घरातला बंद पडलेला मिक्सर आणून दाखवतात. मी असे पुष्कळ मिक्सर पाहिले. दुरुस्त एकही झाला नाही, पण तो कशामुळं बंद पडला असावा हे मी प्रत्येक मालकाला नीट समजावून सांगितलं. लोक समाधानानं मिक्सर परत घेऊन गेले.

तर या विज्ञानाच्या शिक्षकाची मोटरसायकल गेल्या वर्षी चार्जिंग करेनाशी झाली.

मी गेवराईत राहतो आणि शाळा तलवाड्याच्या बाजूला एका खेड्यात. रोजचं जाणं-येणं गाडीवर. गाडी सव्वाशे सीसीची, बटन दाबलं की सुरू होणारी. हे बटन माझ्यासाठी चैन नाही. उजव्या गुडघ्यातली गादी झिजलेली आहे, आणि डॉक्टरांनी किक मारायची नाही म्हणून निक्षून सांगितलेलं आहे. त्यामुळं बटन चालतं तोवर मी शिक्षक, बटन बंद पडलं की मी गाडीशेजारी उभा राहिलेला एक जाडा माणूस.

एका सकाळी बटन दाबलं तर नुसतं टक्क झालं. बॅटरी दुकानात नेऊन चार्ज करून आणली, दोन दिवस चालली आणि परत टक्क. नवी बॅटरी बसवली. ती चार दिवस चालली. तेव्हा मी अंगणात उभं राहून बायकोला म्हणालो, "याचा अर्थ दोष बॅटरीत नाही. चालत्या गाडीनं बॅटरी भरायला पाहिजे, ती भरत नाही."

"मग गॅरेजवाल्याकडं न्या ना," ती म्हणाली. शास्त्रीय विचारसरणीचं कौतुक आमच्या घरात एवढंच होतं.

गॅरेजवाला म्हणजे माझाच विद्यार्थी. त्याचे वडील गेवराईच्या स्टँडवर गाड्यावर फळं विकायचे. पोरगं आमच्या शाळेला होतं कारण आजोळ त्या खेड्यात. दहावीला विज्ञानात जेमतेम सुटला. पुढं गेवराईतल्या एका गॅरेजात दहा-बारा वर्षं हात काळे केले, आणि दोन वर्षांपूर्वी शाळेच्या अलीकडं फाट्यावर पत्र्याचं शेड टाकून स्वतःचं गॅरेज काढलं. उद्घाटनाला फीत मीच कापली. तेव्हा तो म्हणाला होता, "सर, बारा गाड्या तर आपल्या शाळंच्याच हायेत. रोज हितूनच जातेत. तुमचं सगळ्यांचं लक्ष असलं म्हंजी शेड उभं राहतंय." खरंच तसंच होतं. फाट्यावर बाकी गिऱ्हाईक हंगामापुरतं; कायमचं म्हणजे आम्ही मास्तर. आमच्या स्टाफरूमच्या मर्जीवर ते शेड उभं होतं आणि हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही.

मी गेलो की तो स्टूल पुसून द्यायचा, स्वतः कधी बसायचा नाही. तिशीला आलेला माणूस, दाढीत एखादा पांढरा केस, पण माझ्यासमोर हात मागं बांधून उभा राहायचा. मला हे आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

त्या दिवशी मी माझा स्वतःचा मीटर घेऊन गेलो. मल्टिमीटर म्हणतात तो, पिवळ्या रंगाचा, मोबाइलवरून मागवलेला. गॅरेजमध्ये तेव्हा तीन शेतकरी आपापल्या गाड्यांची वाट बघत बसले होते, त्यामुळं माझा आवाज थोडा वर्गातला झाला असेल. बॅटरीला मीटर लावला: बारा पूर्णांक चार. गाडी चालू केली. आता आकडा चौदाच्या आसपास चढायला पाहिजे. तो चढला नाही, उलट थोडा उतरला.

"बघितलं?" मी म्हणालो. "बॅटरीपर्यंत काहीच येत नाही."

"बरोबर हाय सर," तो म्हणाला. "आदी कपलर बगू का? वायरी जिथं एकमेकीला जोडल्यात ना, तिथं धुळीनं, पाण्यानं लई येळा जळतंय."

मी त्याच्याकडं बघून हसलो. प्रेमानंच हसलो. म्हणालो, "तपासणीला एक क्रम असतो. आधी उगम. इंजिनाजवळची कॉइल वीज तयार करते. ती तयार होते की नाही हे आधी बघायचं. मग मधल्या वायरी, मग बाकीचं."

क्रम बरोबर होता, हे मी आजही सांगतो. त्यानं मुकाट्यानं बाजूचं झाकण काढून कॉइलच्या दोन पिवळ्या वायरी मोकळ्या केल्या. मी मीटरच्या दोन्ही सुया त्यांना लावल्या आणि त्याला अॅक्सिलेटर पिळायला सांगितलं. इंजिन ओरडलं, फाट्यावरची कुत्री उठली, आणि मीटरवर शून्य.

"शून्य," मी शेतकऱ्यांकडं बघून जाहीर केलं. "कॉइल गेली."

त्यानं मीटरकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग परत मीटरकडं, जरा जास्त वेळ. "सर," तो म्हणाला, "एकदा बल्ब लावून बगू का? ह्या दोन वायरींला हेडलाइटचा बल्ब लावायचा. पेटला तर कॉइल चांगली."

"मीटर असताना बल्ब?" मी म्हणालो. "ताप बघायला थर्मामीटर असताना आपण कपाळाला हात लावतो का?"

शेतकरी हसले. एक जण म्हणाला, "सरांला इचारू नगंस बे, ते शिकवतेत हे." तो खाली बघून म्हणाला, "बरं सर. तुमी म्हणताव तर बदलू." दुपारपर्यंत त्यानं नवी कॉइल बसवली. तेवढ्या वेळात मी त्या तिघांना चुंबक फिरला की तारेत वीज कशी येते हे समजावलं. त्यातला एक झोपला, पण आदरानं, बसल्या बसल्या.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात बटन दाबलं. टक्क.

मी तसाच संतापत फाट्यावर गेलो, म्हणजे नववीच्या पोरांनी धक्का मारून गाडी चालू करून दिल्यावर गेलो. म्हणालो, "तू डुप्लिकेट कॉइल घातलीस."

"न्हाई सर, कंपनीची हाय. डबा दाखवू का?"

"मग चार्जिंग का होत नाही?"

"गाडी एक दिवस ठिवून जा सर. मी सगळं बगतो."

"आता काय बघायचं राहिलं? कॉइल बदलली ना? तूच बदललीस ना?"

"हो सर," तो म्हणाला. मग पाना खाली ठेवून, "सर, त्यो मीटर..."

"मीटरचं काय?"

"काय न्हाई सर."

मी गाडी ठेवली नाही. माणूस एकदा रागावून आला की वस्तू ठेवून जाणं त्याला कमीपणाचं वाटतं. तशीच चालू गाडी वळवून शाळेत आलो आणि स्टाफरूममध्ये चहा घेताना जे बोलायला नको होतं ते बोललो. शिवी दिली नाही. आरडाओरडा केला नाही. इतकंच म्हणालो, "पोरगं स्वभावानं चांगलं आहे, पण वीज हा विषय त्याच्या आवाक्यातला नाही. माझ्या हाताखालून गेलंय, मला माहीत आहे."

इतिहासाच्या सरांनी कप खाली ठेवला. "म्हणजे माझा हॉर्न मधूनच बंद पडतो, ते..."

"असू शकतं," मी म्हणालो.

विज्ञानाच्या शिक्षकानं 'असू शकतं' म्हणणं म्हणजे निकालच. इतिहासाच्या सरांनी पुढची सर्व्हिसिंग गेवराईत केली. मग मराठीच्या बाईंच्या स्कूटीनं तोच रस्ता धरला, मग क्रीडाशिक्षक, मग मुख्याध्यापक, जे कुठलाही निर्णय सगळ्यात शेवटी घेतात. महिना-दीड महिन्यात फाट्यावरच्या शेडपुढं मास्तरांची एकही गाडी दिसेना. मी रोज जाता-येता बघत होतो. वाईट वाटत होतं, पण आपण काही खोटं बोललो नाही, असंही वाटत होतं. हे दोन्ही एका वेळी वाटू शकतं, आणि चांगला पगार घेणाऱ्या माणसाला तर फारच सोयीनं वाटतं.

माझी स्वतःची गाडी मात्र धक्क्यावर चालली होती. शाळा सुटली की नववीची दहा-बारा पोरं माझ्यामागं जमायची. धक्का मारणं हा शाळेचा शेवटचा तासच झाला होता. मी त्याचाही धडा केला. जडत्व म्हणजे काय ते गाडीवर बसूनच समजावून सांगायचो, आणि पोरं मला ढकलत ढकलत जडत्व अनुभवायची. मी दुसरं कुठलं गॅरेज का गाठलं नाही, असं कुणी विचारलं तर खरं कारण हे की नव्या कॉइलनंतरही गाडी का भरत नाही, याचा उलगडा मला स्वतः करायचा होता. रोज रात्रीच्या जेवणाआधी वहीत आकृत्या काढत होतो. एकही आकृती चुकीची नव्हती.

मग एक रविवार आला. दुपारी जेवून आडवा झालो होतो. वर पंखा हळू फिरत होता. बायको म्हणाली, "आज लाइट लई कमी आहे, पंखा वारंच देत नाही." तिला किती कमी आहे ते आकड्यात सांगावं म्हणून मी उठलो, मीटर आणला, त्याचं गोल बटन होतं त्याच रांगेत सगळ्यात मोठ्या आकड्यावर सरकवलं आणि सुया भिंतीच्या सॉकेटात घातल्या.

शून्य.

"लाइट गेली," मी म्हणालो.

"पंखा फिरतोय की," ती म्हणाली.

मी वर पाहिलं. फिरत होता. हळू का होईना, माझ्या डोक्यावरच फिरत होता. परत सुया नीट दाबल्या. शून्य. "मग मीटर बिघडला," मी म्हणालो.

"कधीपासून?"

माझी बायको अंगणवाडीत सेविका आहे. सहा वर्षांखालच्या मुलांशी बोलायची सवय असल्यानं तिचे प्रश्न लहान असतात. त्या एका प्रश्नानं मी मीटरकडं, आयुष्यात पहिल्यांदाच म्हणावं इतकं नीट पाहिलं. बॅटरीतली वीज एकाच दिशेनं जाते. भिंतीतली वीज आणि गाडीच्या कॉइलमधली वीज मागंपुढं हेलकावते. मीटरवर दोन्हींसाठी वेगवेगळ्या रांगा असतात. बॅटरीच्या रांगेत बटन ठेवून हेलकावणारी वीज मोजली, तर जेवढं पुढं तेवढंच मागं, आणि मीटर प्रामाणिकपणे शून्य दाखवतो. हे मी दरवर्षी दहावीला शिकवतो. दोन्ही खुणा फळ्यावर मोठ्या काढतो, रंगीत खडूनं. आणि त्या दिवशी फाट्यावर बॅटरी मोजून झाल्यावर मी बटन हलवलंच नव्हतं.

"म्हणजे गाडीची कॉइल चांगली होती?" बायकोनं विचारलं.

"चहा ठेव."

"ठेवते. कॉइल चांगली होती ना पण?"

सोमवारी शाळेच्या तासभर आधी फाट्यावर पोचलो. शेडपुढं एक फवारणीचा पंप उघडून पडला होता, बाकी काही नाही. त्यानं मला बघून नेहमीसारखं स्टूल पुसलं. मी घरून निघताना एक वाक्य तयार करून आणलं होतं: माझं चुकलं. वाटेत दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. तोंडातून आलं ते असं: "एकदा कपलर बघून घे."

म्हणजे मी त्याचंच दीड महिन्यापूर्वीचं म्हणणं त्याला हुकूम म्हणून परत दिलं. तो म्हणाला, "बरं सर." सीट काढलं, वायरींचा गुंता बाजूला केला आणि कॉइलकडून येणाऱ्या वायरींचा जोड सोडवला. आतला एक पिन हिरवा पडलेला, भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं. कॉइल वीज करत होती, ती या जोडापाशी येऊन संपत होती. त्यानं जळकं कापलं, वायरी घासल्या, नवा जोड घातला. मी मीटर बॅटरीला लावला, या वेळी बटन तीनदा बघून. चौदा पूर्णांक एक. सगळ्याला मिळून दहा मिनिटं लागली.

मग तो आत गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आला. "ही तुमची जुनी कॉइल सर. ठिवली हाय. चांगली हाय, मी तसल्याच दुसऱ्या गाडीत बसवून, बल्ब लावून बगितली."

"कधी बघितलीस?"

"त्याच दिशी. तुमी गेल्यावर."

आवाजात टोमणा नव्हता, हे सगळ्यात वाईट. टोमणा असता तर मी चिडून तरी गेलो असतो. कॉइल डब्याच्या पिशवीत टाकली, बटन दाबलं, गाडी एका झटक्यात चालू झाली आणि मी शाळेत गेलो. फाटकापाशी नववीची पोरं माझी वाट बघत होती, त्यांची जराशी निराशा झाली. स्टाफरूममध्ये इतिहासाचे सर म्हणाले, "वा, झाली का गाडी? बीडला नेली असणार."

मी म्हणालो, "झाली." आणि माठातलं पाणी प्यायलो.

ही 'झाली' माझ्या नोकरीतली सगळ्यात लबाड माहिती होती. आता हे लिहितोय तर कारणही लिहितो. आमच्या घरात विज्ञान शिकलेला मी पहिला. माझे वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. मी या शाळेत लागलो तेव्हा स्टाफरूममध्ये माझ्या आधी माझं आडनाव पोचलं होतं, आणि पहिली दोन-तीन वर्षं प्रत्येक जण माझ्या चुकीची सभ्यपणे वाट बघत होता. तेव्हा मी ठरवलं की ही संधी कुणाला द्यायची नाही. आणि दिली नाही. वीस वर्षांत फळ्यावरची माझी एक आकृती कुणी खोडून दाखवली नाही. दर एप्रिलला जयंतीच्या सभेत मी वस्तीतल्या पोरांना सांगतो, प्रश्न विचारा, बापाला विचारा, मास्तरला विचारा, कुणी सांगितलं म्हणून खरं मानू नका. टाळ्या पडतात. मलाही ते मनापासून पटतं. फक्त मास्तर म्हणजे मी, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

असा आणखी एक महिना गेला. रोज वाटायचं आज सांगू, आणि रोज कुठला तरी विषय निघायचा. एका सकाळी फाट्यावर मागं त्या आदरानं झोपलेल्या शेतकऱ्यानं हात दाखवून मला थांबवलं. म्हणाला, "सर, तुमचं पोरगं शेड मोडायलंय. बीडला शोरूमच्या वर्कशॉपात लागलंय म्हनं. आता आमी पंचर काडायला कुटं जावं?"

मी गाडी सरळ शाळेत घातली. मधल्या सुट्टीत पिशवीतून कॉइल काढली, टेबलावर ठेवली, शेजारी मीटर ठेवला आणि सगळ्यांना म्हणालो, "ऐका. ही कॉइल चांगली होती. मी मीटर चुकीच्या रांगेवर ठेवला. त्या पोराला तेव्हाच कळलं होतं. माझी गाडी त्यानंच दहा मिनिटांत दुरुस्त केली. चूक माझी होती, पूर्ण माझी."

मला वाटलं, आता हसतील. वीस वर्षं राहिलेलं हसू आता एकदम बाहेर पडेल. मी त्याची तयारी केली होती.

इतिहासाचे सर उठले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर," ते म्हणाले, "मन फार मोठं आहे तुमचं."

"मनाचा संबंध नाही. मी चुकलो."

"तेच म्हणतोय. विद्यार्थ्यासाठी आजकाल एवढं कोण करतं? त्याचं शेड मोडतंय म्हणून तुम्ही स्वतःवर ओढून घेताय."

"अहो, हा बघा मीटर. हे बटन इथं होतं, ते इथं पाहिजे होतं."

"आम्हाला काय कळतंय त्यातलं?" मराठीच्या बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. "तुम्ही म्हणाल ते खरं, सर."

"मी म्हणतोय ना, मी चुकलो म्हणून!"

"बघा," त्या बाकीच्यांना म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी हा प्रसंग परिपाठात मुलांना सांगायला हरकत नाही, असं सुचवलं. इतक्या वर्षांत जो शब्द मी कमावला होता, त्या शब्दानं ते गॅरेज बसलं होतं, आणि आता तोच शब्द परत घ्यायला गेलो तर माझी किंमत वाढत होती. एकाही मास्तरनं गाडी फाट्यावर नेतो म्हणून सांगितलं नाही. क्रीडाशिक्षक तर जाता जाता माझ्या पाया पडतो की काय असं वाटलं.

शाळा सुटल्यावर फाट्यावर गेलो. शेडचे निम्मे पत्रे उतरलेले होते. तो शिडीवरून खाली आला. या वेळी मी उभाच राहिलो, आणि घरून आणलेलं जुनं वाक्य एकदाचं म्हणून टाकलं. माझं चुकलं. मी मीटर चुकीचा लावला, वर तुझं नाव खराब केलं.

"जाऊ द्या सर," तो म्हणाला. "बीडला काम बरं हाय."

"जाऊ द्या नाही. मी आज सगळ्यांना सांगितलं, पण त्यांना पटत नाही. तू उद्या शाळेत ये. ही कॉइल, तुझा बल्ब, माझी गाडी. सगळ्यांसमोर पेटवून दाखव. तू दाखवलंस की त्यांना मानावंच लागेल. पत्रे परत चढवू आपण. मी धरतो शिडी."

त्यानं मान हलवली. नको म्हणाला, पण हसून. मग मला राहवलं नाही. राग त्याच्यावर नव्हता, तरी आवाज चढला, आणि शाळेत दाबून ठेवलेली माझी घरची भाषाही सुटली. "आरं, तुला त्याच टायमाला दिसलं व्हतं ना? मग कावून सांगितलं न्हाईस? मी तुला खाल्लं असतं का?"

तो हातातला पाना पुसत राहिला. मग म्हणाला, "सांगितलं व्हतं सर एकदा. नववीत."

मला कळलं नाही.

"तुमी फळ्यावर सर्किट काडलतं. बल्बमधून किती करंट जातोय ते मोजायचा मीटर बल्बच्या शेजारून जोडलता. त्यो बल्बच्या रांगंतच पायजे. मी उठून म्हणलो, सर, ते चुकलंय. तुमी म्हणलाव, तू मला शिकवतूस का, बाहीर हो." हे सगळं तो कुणा दुसऱ्याची गंमत सांगावी तसं सांगत होता. "मी बाहीर जाऊन खिडकीतनं बगत व्हतो. तुमी लई येळ फळ्याकडं बगितलं. मग डस्टर घेतलं, तेवढंच पुसलं आन् बरोबर काडलं. पोरांनी पन वहीत खोडून बरोबर केलं. मला वाटलं, आता बोलावतेत. दाराला यून उभा राहिलो. तास संपला."

"मग?"

"मग काय सर. बोलावलंच न्हाई. पन तवापासनं मला म्हाईत झालं, सरांला आपलं आपन कळतंय. थोडा येळ लागतोय, पन कळतंय. म्हनून मी गप बसलो. म्हणलं, ह्या टायमाला बी कळंल."

तो परत शिडीवर चढला आणि उरलेल्या पत्र्यांचे बोल्ट सोडवायला लागला. मी खाली शिडी धरून उभा राहिलो. तो तास आठवायचा मी तेव्हा खूप प्रयत्न केला, नंतरही केला. वर्गाबाहेर काढलेली बरीच पोरं आठवली. तो आठवला नाही.